शहरी लोहमार्गांचा वाढता खर्च



शहरात रुळांवरून धावणाऱ्या गाड्यांचे मार्ग वाढविण्याचा खर्च दिवसेंदिवस का वाढत चालला आहे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. ज्या म्हापशात ट्राम कधी धावलीच नाही, तेथे हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, ट्राम धावली नसली तरी तिच्याच कुळातील एका वाहनाचे वचन म्हापशाला एकदा मिळाले होते. ते वचन पुरे झाले नाही. पुढेमागे तसे दुसरे वचन मिळण्याचा संभव आहे. कारण म्हापसा-पणजी रस्त्यावरची गर्दी ओसरण्याचे चिन्ह नाही, आणि पेडणे तालुक्यातील मोपा येथून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागल्यापासून उत्तर गोव्यातील येजा अधिकच वाढली आहे. असे वचन पुन्हा मिळेल तेव्हा त्याच्याबरोबर रुपयांचा एक आकडाही सांगितला जाईल. तो आकडा कसा वाचावा हे नागरिकाला ठाऊक असले पाहिजे, कारण अखेर तो त्याच्याच खिशातून भरून निघावयाचा असतो.

प्रथम ट्रामचा विचार करू. पेडणे, डिचोली आणि बार्देश येथून पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेल्या कुटुंबांना ट्राम परिचयाची होती. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढावयाची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावून ही वाहतूक संपली. या ट्रामचा मोठा गुण असा की ती रस्त्यावरूनच चाले. तिच्यासाठी वेगळी जमीन घ्यावी लागली नाही, पूल उभारावे लागले नाहीत, बोगदे खणावे लागले नाहीत. रस्त्याच्या पृष्ठभागात रूळ बसविले, वर तार ताणली, आणि गाडी चालू झाली. त्या काळी रस्त्याच्या पोटात फारसे काही नव्हते आणि रस्त्याच्या पाठीवरही आजच्याइतकी दाटी नव्हती. त्यामुळे मार्ग एका नाक्यावरून पुढच्या नाक्यापर्यंत वाढविणे हे तुलनेने सोपे काम होते. आज तेच काम अवघड आणि खर्चाचे झाले आहे. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी म्हापशाला मिळालेल्या त्या वचनापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

कोकण रेल्वे महामंडळाचे त्या वेळचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांनी ‘स्कायबस’ या नावाची एक योजना पुढे मांडली होती. रस्त्याच्या मध्यभागी खांब उभारावयाचे, त्यांच्या माथ्यावर पोकळ पेटीसारखी तुळई ठेवावयाची, तिच्या आत रूळ घालावयाचे, आणि डबे खाली लोंबत ठेवून चालवावयाचे, असे तिचे स्वरूप होते. पहिला मार्ग म्हापसा ते पणजी असा सुमारे दहा किलोमीटरचा आखण्यात आला होता. रस्ताच वापरावयाचा असल्याने जमीन घ्यावी लागणार नाही, घरे पाडावी लागणार नाहीत, म्हणून भुयारी रेल्वेच्या मानाने खर्च थोडका येईल, असा या योजनेचा मुख्य दावा होता. चाचणीसाठी मडगावात १.६ किलोमीटरचा मार्ग उभा राहिला. तेथे २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीच्या वेळी अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर योजना रेंगाळली, आणि २०१३ मध्ये मडगावचा तो सांगाडा उतरवून टाकण्याचे काम झाले. म्हापशापर्यंत एकही खांब पोचला नाही.

या हकिगतीत कल्पकतेला दोष देण्याचा हेतू नाही. नवी गोष्ट करू पाहणाऱ्याला अपयश येऊ शकते. परंतु तिच्यातून हिशेबाचा एक धडा मिळतो. जे वाहन जगात कोठेही प्रवाशांना घेऊन धावलेले नाही, त्याच्या खर्चाचा आकडा ही केवळ आशा असते; तिला अंदाजपत्रक म्हणता येत नाही. याचे दुसरे उदाहरण मुंबईच्या मोनोरेलचे आहे. तिचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये आणि दुसरा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. तिच्या गाड्या मलेशियातील एका कंपनीच्या होत्या. पुढे सुट्या भागांची टंचाई पडली तेव्हा ते भाग बाजारातून दुसऱ्या कोणाकडून आणण्याची सोय नव्हती. वाहन जितके आगळेवेगळे तितके विकणारे थोडे. आणि विकणारा एकच असला म्हणजे घेणाऱ्याला घासाघीस करता येत नाही, हे शुक्रवारच्या बाजारात येणाऱ्या कोणालाही समजावून सांगण्याचे कारण नाही.

आता पैसा नेमका कोठे जातो ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी असते की लोहमार्ग म्हणजे लोखंड, आणि लोखंड महागले म्हणून मार्ग महागला. ही समजूत साध्या गणिताने तपासून पाहता येते. दुहेरी मार्गाच्या एका किलोमीटरला चार हजार मीटर रूळ लागतो. मीटरला साठ किलो वजन धरले तर एकूण २४० टन पोलाद होते. टनाला एक लाख रुपये असा सढळ भाव धरला तरी ही रक्कम २ कोटी ४० लाखांवर जात नाही. याच्याशेजारी आता पुण्याचे आकडे ठेवा. तेथील मेट्रोचा पिंपरी-चिंचवडपासून निगडीपर्यंतचा सुमारे साडेचार किलोमीटरचा वाढीव मार्ग २०२३ मध्ये सुमारे ९१० कोटी रुपयांना मंजूर झाला. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे २०० कोटी. हा मार्ग खांबांवरून जाणारा आहे. स्वारगेट ते कात्रज हा ५.४६ किलोमीटरचा दुसरा वाढीव मार्ग जमिनीखालून जाणारा. तो ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे २,९५४ कोटी रुपयांना मंजूर झाला. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ५४० कोटी. शहर एकच, अवधी एकाच वर्षाच्या आतबाहेरचा, तरी एका किलोमीटरच्या खर्चात अडीचपटीहून अधिक अंतर पडले. रुळांचे लोखंड दोन्हीकडे सारखेच. फरक पडला तो मार्ग जमिनीच्या वरून न्यावयाचा की खालून, या एका निर्णयाने.

म्हणून लोहमार्गाच्या खर्चाचा मोठा वाटा रुळांच्या आजूबाजूला असतो असे समजावे. खांब आणि पाया, स्थानके, जिने, विजेची उपकेंद्रे, सिग्नलची यंत्रणा, गाड्या, त्या उभ्या करून दुरुस्त करण्याचे आगार, आगारासाठी जमीन, नकाशे करणाऱ्यांचे आणि देखरेख करणाऱ्यांचे शुल्क, सरकारी कर, आणि काम पुरे होईपर्यंतचे कर्जाचे व्याज, ही सारी खाती त्यात येतात. यांपैकी काही खाती पहिल्या दिवशीच मोजता येतात. काही मात्र जमीन उकरल्यावाचून समजत नाहीत, आणि अंदाजपत्रक बहुधा तेथेच फसते.

याचे बोलके उदाहरण स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथे घडले. त्या शहराने अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर ट्राम पुन्हा आणण्याचे ठरविले. विमानतळापासून शहरातून न्यूहेवन या बंदराच्या भागापर्यंत मार्ग नेण्यासाठी ५४ कोटी ५० लाख पौंडांची तरतूद होती. प्रत्यक्ष खणण्यास आरंभ झाला तेव्हा जुन्या रस्त्यांच्या पोटात पाण्याचे नळ, वायूचे नळ, गटारे आणि तारा यांचे असे जाळे निघाले की त्यांतील पुष्कळांची नोंद कोणत्याच नकाशात नव्हती. एकीकडे नळ हलविण्याचे काम लांबले आणि दुसरीकडे कंत्राटदाराशी वाद पेटला. वाढीव कामाचा पैसा कोणी द्यावयाचा, याचे उत्तर करारात स्पष्ट नव्हते. अखेर मार्ग अर्ध्यावर, शहराच्या मध्यभागीच थांबविण्यात आला. असा हा १४ किलोमीटरचा आखूड मार्ग मे २०१४ मध्ये खुला झाला, आणि त्याचा खर्च ७७ कोटी ६० लाख पौंड झाला. उरलेला सुमारे पावणेपाच किलोमीटरचा तुकडा पुढे वाढीव मार्ग म्हणून वेगळा बांधावा लागला. तो जून २०२३ मध्ये सुरू झाला आणि त्याला आणखी सुमारे २० कोटी ७० लाख पौंड लागले. जे काम ५४ कोटींत पुरे व्हावयाचे होते ते ९८ कोटींच्या पुढे गेले. हे असे का झाले याची चौकशी २०१४ मध्ये नेमली गेली, आणि तिचा अहवाल येण्यासही २०२३ साल उजाडले.

त्याच वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, फ्रान्समधील बेझान्सों या लहानशा शहरात साडेचौदा किलोमीटरचा ट्राममार्ग सुरू झाला. त्याला सुमारे २५ कोटी युरो लागले. एडिंबराचा खर्च त्या वेळच्या दराने युरोत मांडला तर तो ९५ कोटींच्या आसपास जातो. लांबी जवळजवळ तितकीच, खर्च मात्र एक चतुर्थांशाच्या जवळपास. फ्रान्सचे कामगार फुकट राबले म्हणून असे झाले नाही. त्या देशात १९८५ मध्ये नांत शहराने ट्राम पुन्हा सुरू केली, आणि त्यानंतर एकामागून एक शहरांनी तोच धडा गिरविला. त्यामुळे कोणते काम किती दिवसांचे, कोणता नळ कोणी हलवावयाचा, याचा अनुभव तेथील अभियंत्यांच्या हाताशी होता. शिवाय बेझान्सोंने काटकसर हे धोरण आरंभीच ठरविले. गाड्या लहान आणि बाजारात तयार मिळणाऱ्या घेतल्या. थांबे साधे ठेवले. रस्त्याच्या सजावटीवर उधळपट्टी केली नाही. आपल्याला काय परवडते हे आधी ठरविले आणि मग त्या मापाचा अंगरखा शिवला.

येथे वाढीव मार्गांविषयी एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या मार्गापेक्षा त्याचा पुढचा तुकडा बहुधा महाग का पडतो? पहिले कारण असे की, योजनाकार साहजिकच सर्वांत रुंद आणि सोपा रस्ता पहिल्या मार्गासाठी निवडतात. अरुंद पेठा, चढउतार आणि नदीनाले पुढच्यासाठी उरतात. दुसरे कारण असे की, वाढीव मार्गावर जुन्या मार्गाच्याच जातीच्या गाड्या आणि सिग्नल लागतात, आणि त्यामुळे पुरवठादार निवडण्याचे स्वातंत्र्य कमी होते. तिसरे कारण, जुन्या मार्गावर गाड्या चालू असताना नवा तुकडा जोडावयाचा म्हणजे रात्रीच्या थोड्या तासांतच काम उरकावे लागते. आणि चौथे कारण सर्वांत चमत्कारिक आहे. पहिला मार्ग झाला की त्याच्या आसपासच्या जमिनींचे भाव चढतात. पुढेही मार्ग जाणार अशी कुणकुण लागताच पुढच्या जमिनीही महाग होतात. म्हणजे लोहमार्ग स्वतःच्या यशानेच आपल्या वाढीची किंमत वाढवून ठेवतो. ज्या शहराने पुढच्या मार्गाची जमीन वेळीच राखून ठेवली त्याचेच या भाववाढीपासून रक्षण होते.

जमिनीनंतर येतो काळ. काळाचा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सर्वांत फसवा. समजा, एखादे काम आज १०० कोटींचे आहे, आणि वस्तूंचे भाव वर्षाला सात टक्क्यांनी चढत आहेत. ते काम दहा वर्षे लांबले तर काहीही न बदलता, एकही वीट अधिक न लावता, त्याचा खर्च १९७ कोटी होतो. व्याजाचे गणित तर याहून बोचरे आहे. एक हजार कोटींचे कर्ज आठ टक्क्यांनी काढलेले असले तर वर्षाला ८० कोटी, म्हणजे दिवसाला सुमारे २२ लाख रुपये व्याज चढते. सुटीच्या दिवशी चढते, पावसाने काम बंद असते तेव्हाही चढते, आणि फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्याची वाट पाहत असते तेव्हाही चढते.

मुंबईत याचा अनुभव आलेला आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर या ११.४ किलोमीटरच्या पहिल्या मेट्रोची कोनशिला २००६ मध्ये बसविली गेली, त्या वेळी खर्च २,३५६ कोटी धरला होता. गाडी धावली जून २०१४ मध्ये, आणि मार्ग चालविणाऱ्या कंपनीने खर्चाचा आकडा ४,३२१ कोटी सांगितला. हा वाढलेला खर्च कोणी सोसावयाचा यावरून भाड्याचा वाद उपस्थित झाला. कुलाब्यापासून आरेपर्यंत जाणाऱ्या ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मार्गाला २३,१३६ कोटींची मंजुरी होती. आगाराची जागा कोणती, या वादात काही वर्षे गेली. सारा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला होईपर्यंत तो आकडा ३७,२७६ कोटींवर गेला होता. नुसती वाढच किलोमीटरमागे ४०० कोटींहून अधिक झाली.

गोव्यात आपल्या घराजवळचे उदाहरण पाहावयाचे तर कोकण रेल्वे आहे. ती शहरातील ट्राम नव्हे. परंतु जमीन आणि काळ या दोघांनी मिळून अंदाजपत्रक कसे फुगते, हे तिच्याइतके दुसऱ्या कशाने आपल्याला दिसलेले नाही. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली १९९० मध्ये काम सुरू झाले. केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या राज्यांनी भांडवल घातले, त्यात गोव्याचा वाटा ६ टक्क्यांचा होता. बाकीच्या पैशाचा मोठा भाग कर्जरोख्यांतून उभारला गेला, म्हणजे व्याजाचे घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू होते. गोव्यात मार्ग कोठून न्यावा यावरून आंदोलन झाले, १९९३ मध्ये काम थांबले, न्यायमूर्ती ओझा यांची चौकशी झाली, आणि मग काम पुन्हा सुरू झाले. पेडण्याच्या बोगद्याने तर सर्वांची परीक्षा पाहिली. तेथे कठीण खडक नव्हता; पाण्याने भिजलेली मऊ माती होती, आणि खणावे तो ती कोसळे. माणसांचे प्राणही त्यात गेले. अखेर जानेवारी १९९८ मध्ये सारा मार्ग जोडला गेला, तोवर खर्च व्याजासकट साडेतीन हजार कोटींच्या घरात पोचला होता. त्या मातीने आपला स्वभाव पुढेही सोडला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळून गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या, आणि जुलै २०२४ मध्ये तेथेच पाणी आणि चिखल आत शिरून वाहतूक बंद पडली. म्हणून बांधकामाचा खर्च उद्घाटनाच्या दिवशी संपला असे कोणी समजू नये.

अंदाजपत्रके चुकतात, परंतु ती खर्च कमी दाखविण्याच्या बाजूलाच का चुकतात? बेंट फ्लिव्हबियर्ग या डॅनिश अभ्यासकाने आपल्या सहकाऱ्यांसह २००२ मध्ये जगातील २५८ बांधकामांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. रेल्वेच्या कामांत प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरीने सुमारे ४५ टक्के अधिक निघाला, असे त्यांना आढळले. केवळ चुकीने हे होत असते तर काही अंदाज वर चुकले असते, काही खाली. त्यांचा कल एकाच दिशेला असतो, याचा अर्थ मंजुरी मिळविण्यासाठी आकडा लहान ठेवण्याचा मोह कोठेतरी काम करीत असतो. लग्नाच्या बोलणीत मुलाचे वय सांगताना जे होते तेच येथे होते. एकदा बोलणी पक्की झाली की मग मागे फिरणे अवघड. आणि निम्मे खांब उभे राहिल्यावर आणखी पैसा नाकारण्याचे धैर्य कोणत्याही सरकारला होत नाही.

मात्र प्रत्येक वाढ ही उधळपट्टीच असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीनमालकाला शहरी भागात बाजारभावाच्या दुप्पट आणि ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदला ठरवून दिला आहे. ज्याचे पोटाचे साधन जाते त्याला योग्य भरपाई मिळाली तर ती महागाई म्हणता येणार नाही. पूर्वी तो खर्च त्या बिचाऱ्याने मुकाट्याने सोसला होता, आता तो हिशेबाच्या वहीत लिहिला जातो, एवढेच. अपंगांसाठी उद्वाहक, आगीपासून बचावाची साधने, पुरेसा खोल पाया, यांचेही तसेच आहे. मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, हे ज्या प्रदेशाने पाहिले आहे त्याने बांधकामात स्वस्ताई हाच एक गुण मानू नये. वाढीचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. एक वाढ अशी की तिच्या मोबदल्यात जनतेला काही मिळते. दुसरी अशी की तिच्या मोबदल्यात काहीच मिळत नाही. थांबलेले काम, बदललेले नकाशे, न्यायालयातील तारखा आणि व्याज, एवढेच हाती येते. भांडावयाचे ते या दुसऱ्या वाढीशी.

आता हे सारे म्हापशाला लावून पाहू. म्हापसा ते पणजी हे अंतर रस्त्याने सुमारे १३ किलोमीटर आहे. पुण्याच्या खांबांवरील वाढीव मार्गाचा, म्हणजे किलोमीटरमागे २०० कोटींचा दर लावला तर २,६०० कोटी होतात. मांडवीवरचा पूल आणि आगार यांचा विशेष खर्च त्यात आणखी मिळवावा लागेल. गोव्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा आकार सुमारे २८ हजार कोटींचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे वजन समजते. जमीनही एकसारखी नाही. पर्वरीचे पठार जांभ्या दगडाचे, तर नदीकाठची खाजने चिखलाची. तेथे पाया खोल न्यावा लागणार. पावसाळ्याचे चार महिने मातीकामाला जवळजवळ सुटीच द्यावी लागते. जमिनीची मालकी काही ठिकाणी खाजगी, काही ठिकाणी कोमुनिदादींची. पर्वरीत अलीकडे उन्नत रस्त्याचे काम हाती घेण्यात आले; अशा कामाचे खांब रस्त्याच्या ज्या पट्ट्यात उभे राहतात तो पट्टा पुढे लोहमार्गाला मोकळा मिळत नाही. म्हणून रस्ता आणि रूळ यांचा विचार एकाच टेबलावर व्हावयास हवा.

आणखी एक गोष्ट. २०११ च्या जनगणनेत म्हापशाची वस्ती सुमारे ४० हजार होती. शुक्रवारी बाजाराला पेडण्याहून, डिचोलीहून, अस्नोड्याहून माणसे येतात तेव्हा शहर फुलून जाते, हे खरे; परंतु मोठ्या लोहमार्गाला रोज सकाळ-संध्याकाळ भरगच्च गाड्या लागतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो धोरणातही इतर साधनांशी तुलना केल्यावाचून मेट्रो मागू नये, असा नियम आहे. कदंब महामंडळाच्या बसगाड्या १९८० पासून या भागात धावत आहेत. त्यांना स्वतंत्र पट्टा, नेमक्या वेळा आणि थिवी स्थानकाशी चांगली जोड मिळाली तर किती काम भागते, याचा हिशेब रुळांच्या हिशेबाआधी मांडला जावा.

तेव्हा पुढील वचन येईल त्या वेळी म्हापशाच्या नागरिकांनी चार प्रश्न विचारावेत. पहिला : रस्त्याच्या पोटात काय आहे, याची पाहणी झाली आहे काय, की आकडा नकाशावरूनच काढला आहे? दुसरा : हा आकडा कोणत्या वर्षाच्या भावाचा आहे, आणि जमीन, आगार, कर आणि बांधकामकाळाचे व्याज त्यात धरले आहे काय? तिसरा : खर्च वाढला तर तो कंत्राटदार सोसणार, सरकार सोसणार की तिकीट काढणारा, हे करारात स्पष्ट लिहिले आहे काय? आणि चौथा : हेच वाहन दुसऱ्या कोठे दहा वर्षे नीट धावले आहे काय? या चारही प्रश्नांची उत्तरे देता आली तर आकडा कदाचित मोठा निघेल. पण तो खरा असेल. आणि खरा मोठा आकडा हा खोट्या लहान आकड्यापेक्षा शेवटी स्वस्त पडतो.

आज लगेच करता येण्याजोगे एक काम मात्र आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही. म्हापसा, पर्वरी, पणजी या पट्ट्यात उद्या बस धावो, ट्राम धावो की आणखी काही. तिच्यासाठी लागणारी रुंदी विकास आराखड्यात आताच राखून ठेवावी, आणि रस्ता जेव्हा जेव्हा उकरला जाईल तेव्हा तेव्हा खाली कोणता नळ, कोणती तार किती खोलीवर आहे याची नोंद नगरपालिकेने करून ठेवावी. एडिंबराला जी माहिती कोट्यवधी पौंड मोजून मिळाली ती आपल्याला एका नोंदवहीच्या किमतीत मिळू शकेल. पुढच्या पिढीने रूळ घालावयाचे ठरविले तर ती वही तिच्या उपयोगी पडेल. आणि न घालण्याचे ठरविले तरी फुटलेला नळ शोधताना आपल्याच कामास येईल.